मुंबईत सॉलिसिटरची आर्टिकलशिप करावी का? एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही कोल्हापुरात कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि पदवीनंतर मुंबईत एखाद्या सॉलिसिटरकडे आर्टिकलशिप, म्हणजे हाताखालची उमेदवारी, करावी असे तुमच्या मनात आहे. मामांचे म्हणणे असे, की एआय आणि परदेशी फर्म आल्यावर ‘सॉलिसिटर’ हा शब्द दारावरच्या पाटीपुरता उरेल. मैत्रीण मात्र इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी लागणाऱ्या एसक्यूई परीक्षेची पुस्तके घेऊन बसली आहे. शेवटी जरा संकोचाने तुम्ही विचारले आहे, की मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीचा फोर्टच्या ऑफिसात टिकाव लागेल का. मी स्वतः सांगलीकडचा. सनद घेऊन मुंबईत आलो, आर्टिकलशिप केली, सॉलिसिटरांच्या सोसायटीच्या परीक्षेत एकदा आपटलो, दुसऱ्या खेपेस पास झालो आणि गेली सव्वीस वर्षे मुख्यतः जमिनी, इमारती आणि मृत्युपत्रे यांचेच काम करतो आहे. म्हणून पुढे जे लिहितो ते त्या खिडकीतून दिसणारे आहे. शेअर बाजारातल्या किंवा मोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या कामात मुरलेला माणूस यातल्या काही गोष्टी वेगळ्या सांगेल.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो घेऊन दरवर्षी मुले येतात. भारतात ‘सॉलिसिटर’ असा स्वतंत्र कायदेशीर दर्जा आता नाही. मुंबई आणि कोलकाता येथील उच्च न्यायालयांच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होतात तिथे, खटला चालवणारा वकील वेगळा आणि अशिलाशी बोलून कागद तयार करणारा अ‍ॅटर्नी वेगळा, अशी दुहेरी पद्धत होती. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ मध्ये १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने ती १ जानेवारी १९७७ पासून संपली. त्यानंतर बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी घेते ती परीक्षा आणि तिच्याआधीची तीन वर्षांची आर्टिकलशिप हे व्यवसायाने जपलेले वळण आहे. त्यामुळे न्यायालयात तुम्हाला कोणताही जादा अधिकार मिळत नाही. सही करताना तुम्ही सनदधारक वकीलच असता. प्रथेने मात्र मूळ शाखेत अजूनही वकालतनामा फर्मचा असतो आणि युक्तिवाद काउन्सेल, म्हणजे न्यायालयात उभे राहणारे वकील, करतात. मग या परीक्षेला मान कशाचा, तर निकाल कमी लागतो याचा, आणि त्याहून अधिक म्हणजे तीन वर्षे कोणाच्या तरी टेबलाशेजारी बसून दस्तऐवज वाचले आहेत याचा.

म्हणून माझ्या दृष्टीने तुमचा खरा प्रश्न ‘सॉलिसिटर व्हावे का’ हा नाही. पुढची चार-पाच वर्षे मला कागद वाचायला कोण शिकवील, आणि तोवर माझे घरभाडे कोण भरील, हा तुमचा प्रश्न आहे. पहिल्या अर्ध्याचे उत्तर बाजार बदलल्यामुळे अवघड झाले आहे. दुसऱ्या अर्ध्याचे उत्तर पूर्वीही अवघडच होते.

बाजार कसा बदलला ते माझ्याच टेबलावरून सांगतो. बिल्डरला प्रकल्प महारेराकडे (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे) नोंदवताना जमिनीच्या हक्काचा वकिलाचा अहवाल द्यावा लागतो. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीलाही तो हवा असतो, आणि कर्ज देणाऱ्या बँकेला तर हवाच असतो. असा अहवाल करायचा म्हणजे दुय्यम निबंधकाकडचा साधारण तीस वर्षांचा सर्च, सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा), सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, सगळे फेरफार, जुनी खरेदीखते, कुलमुखत्यारपत्रे आणि दावे प्रलंबित आहेत का याचा शोध एकत्र लावून हक्काची साखळी जुळवायची, वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्यायची, आलेल्या हरकती निकाली काढायच्या आणि शेवटी खाली सही करायची. आमच्या वेळी आर्टिकल क्लार्कची पहिली दोन वर्षे या साखळीची टिपणे काढण्यातच जात. ते काम कंटाळवाणे होते यात शंका नाही, पण डोळा त्यातूनच तयार होत असे. आज तीच टिपणे सॉफ्टवेअर दुपारच्या चहाआधी काढून देते, आणि अशील फोनवर विचारतो, ‘साहेब, मशीनने केले ना? मग फी थोडी कमी होईल ना?’

मागच्या वर्षी ठाणे जिल्ह्यातल्या एका जमिनीचे पन्नासेक फेरफार आम्ही असेच यंत्राकडून वाचून घेतले. सारांश सुबक होता. एका जुन्या फेरफारात मात्र खातेदाराच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे होती आणि यंत्राने ती त्या गृहस्थाच्या नावाचीच आद्याक्षरे समजून नावात मिसळून टाकली होती. सातबारा वाचलेल्या माणसाला ठाऊक असते, की ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन त्या एकट्याची नव्हे, तो कुटुंबाच्या वतीने नाव लावून आहे, आणि म्हणून त्याच्या भावांचे, पुतण्यांचे आणि आता मुलींचेही हक्क शोधल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याच गठ्ठ्यात इतर हक्कांच्या रकान्यात कुळकायद्याच्या कलम ४३चा, म्हणजे जमीन विकण्यावर बंधन असल्याचा, शेरा होता. तो यंत्राने टिपला होता, पण इतर दहा नोंदींच्या रांगेत, जणू तोही विहिरीच्या हिश्श्याइतकाच किरकोळ असावा. माझ्या ज्युनिअरने ए.कु.मॅ. पकडले. ती दोन वर्षे माझ्यासोबत मूळ कागद वाचत होती म्हणून तिला ते दिसले. सारांशावरच वाढलेल्या मुलाला ते दिसले असते असे मला वाटत नाही.

यंत्रावर न तपासता विसंबल्याचा हाच अनुभव न्यायालयांतही येतो आहे. ‘केएमजी वायर्स’ प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एक आयकर आकारणीचा आदेश रद्द केला, आणि आदेशात आधाराला घेतलेले काही निवाडे अस्तित्वातच नव्हते हे त्याचे एक कारण होते. इंग्लंडमध्ये जून २०२५ मध्ये ‘अयिंदे’ प्रकरणात तिथल्या उच्च न्यायालयाने अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचे दाखले देणाऱ्या वकिलांना कडक शब्दांत समज दिली, आणि त्याच्या महिनाभर आधीच तिथल्या सॉलिसिटरांच्या नियामकाने दहा हजार पौंडांपर्यंतची छोटी येणी वसूल करण्यासाठी एआयच्या आधारावर चालणाऱ्या ‘गारफील्ड’ नावाच्या फर्मला परवानगी दिलेली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ठरीव मसुद्याचे, कमी रकमेचे आणि कमी जोखमीचे काम यंत्राकडे जाईल, आणि तुमचे मामा तेवढ्यापुरते बरोबर आहेत. पण चूक झाली तर जबाबदार कोण, या प्रश्नाला अजून माणसाचेच नाव द्यावे लागते. माझ्या मते अशील आम्हाला पैसे त्या नावाचे देतो, मसुद्याचे देत नाही.

याचे सगळ्यात ताजे उदाहरण प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयाच्या दाखल्याचे, आहे आणि त्याचा परिणाम मुंबईच्या सॉलिसिटर ऑफिसांवर जितका होईल तितका क्वचितच दुसरीकडे होईल. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम २१३ प्रमाणे मुंबई शहरात केलेल्या किंवा इथल्या स्थावराबद्दलच्या हिंदू माणसाच्या मृत्युपत्राखाली न्यायालयात हक्क शाबीत करायचा तर आधी प्रोबेट घ्यावे लागे. पुण्याच्या माणसाने पुण्यातल्या घराबद्दल केलेल्या मृत्युपत्राला मात्र ही सक्ती नव्हती. अनेक जुन्या ऑफिसांचे चूल-पाणी या अर्जांवर चालत आले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायद्याने हे कलमच वगळले. हक्काचे काम गेले म्हणून आमच्यातले काही जण हळहळले, आणि लोकांचा वेळ व पैसा वाचेल हे खरे असल्याने मला त्यांच्याबद्दल फारशी सहानुभूती वाटत नाही. मात्र त्याची दुसरी बाजू तुम्ही समजून घ्या. पूर्वी प्रोबेट झाले असेल तर मृत्युपत्र खरे की खोटे हा प्रश्न न्यायालयाने सोडवलेला असे आणि आम्ही त्या शिक्क्यावर विसंबून अहवाल देत असू. आता वडिलांच्या मृत्युपत्राच्या आधारे फ्लॅट विकायला निघालेला मुलगा प्रोबेटशिवाय समोर बसेल, आणि साक्षीदार जिवंत आहेत का, परगावी दिलेल्या बहिणीला हे ठाऊक आहे का, सही करताना वडिलांची प्रकृती कशी होती, हे मलाच विचारावे लागेल. ऐच्छिक प्रोबेटचा मार्ग खुला आहेच. तो घ्यायला सांगायचे की बहिणीच्या संमतीपत्रावर भागवायचे, हा निर्णयही माझा असेल. न्यायालयावरची जोखीम अशी सही करणाऱ्याच्या खांद्यावर आली. एक काम गेले, पण त्याच्या जागी अधिक अनुभव मागणारे काम आले, आणि ते नव्या मुलांना लगेच मिळण्यासारखे नाही.

दाव्यांच्या बाजूलाही असेच सरकणे चालू आहे. मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयाची आर्थिक मर्यादा २०२४ मध्ये एक कोटीवरून दहा कोटींवर गेली, त्यामुळे मूळ शाखेत येणारे कितीतरी दावे आता तिकडे दाखल होतात. तिथे ब्रीफ देणारा आणि उभा राहणारा अशी विभागणी तेवढी घट्ट नाही, आणि अशिलाला दोघांची फी देणे परवडतही नाही. आणि तुमच्या तर घराशेजारीच बदल घडला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिथे चालतात. माझ्या वेळी उच्च न्यायालयाची वकिली म्हणजे मुंबईचे भाडे, हे समीकरण होते. ते आता राहिलेले नाही. तुम्हाला उभे राहून युक्तिवाद करण्याची ओढ असेल, तर माझा सल्ला सरळ आहे. मुंबईला येऊ नका. बेंच नवे असताना तिथल्या चांगल्या सीनियरच्या हाताखाली जी संधी मिळेल ती फोर्टमध्ये दहा वर्षे मिळणार नाही. तुम्हाला कागदाची, व्यवहाराची, वाटाघाटीची ओढ असेल तरच पुढचा विचार करा.

परदेशी फर्मचे भय थोडक्यात सांगतो, कारण ते दिसते तेवढे तुमच्या वाटेत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘बालाजी’ प्रकरणात परदेशी वकिलांना अधूनमधून येऊन सल्ला देण्यापुरती मुभा ठेवली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२३ मध्ये नोंदणीचे नियम केले आणि मे २०२५ मध्ये ते सुधारून जाहीर केले. परस्परतेच्या अटीवर, म्हणजे त्यांचा देश आपल्या वकिलांना तशीच मुभा देत असेल तर, परदेशी वकिलांना त्यांच्या देशाचा कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा आणि आंतरराष्ट्रीय लवाद एवढ्याचेच काम करता येईल. भारतीय कायद्याचे काम आणि आपली न्यायालये त्यांना बंदच आहेत. नोंदणीशिवाय येऊन-जाऊन काम करणाऱ्यांना बारा महिन्यांत साठ दिवसांची मर्यादा आहे. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला, त्यातही वकिली सेवांचे दार उघडलेले नाही. अंधेरीच्या सोसायटीचे मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने न दिलेली मालकी सोसायटीच्या नावे करून घेणे) करायला लंडनहून कोणी येणार नाही. स्पर्धा होईल ती मोठ्या कंपन्यांच्या व्यवहारांत आणि लवादात, आणि तिथे कदाचित तुमच्या पिढीचे पगार वाढतील.

मला त्यापेक्षा जास्त काळजी वाटते ती छोट्या फर्मची. बार कौन्सिलचा नियम ३६ आम्हाला जाहिरात करू देत नाही, आणि तो का आहे हे मला पटते. परंतु सामान्य माणूस आता वकील मोबाइलवर शोधतो, आणि तिथे त्याला आधी मध्यस्थ वेबसाइट भेटतात. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अशा वेबसाइटांवर कारवाई करण्यास बार कौन्सिलला सांगितले, तरी आजही शोधून पाहा, पहिल्या पानावर कोण दिसते ते कळेल. इंग्लंडने २००७ च्या लीगल सर्व्हिसेस अ‍ॅक्टने वकील नसलेल्यांनाही फर्मची मालकी घेऊ दिली, त्यामुळे तिथे बाहेरचे भांडवल आले. आपल्याकडे वकिलाला बिगरवकिलाशी फी वाटून घेता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअर असो, जागा असो वा तुमचा स्टायपेंड असो, पैसा भागीदारांच्या खिशातूनच येतो. दोन भागीदारांचे ऑफिस शिकवायला उत्तम असते आणि द्यायला कंजूष असते, याचे हे एक कारण आहे.

आता पैशांचा विषय, कारण तो टाळून दिलेला सल्ला निरुपयोगी असतो. सनदेची फी ७५० रुपयांच्या वर घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ‘गौरव कुमार’ निवाड्यात सांगितले. अनुसूचित जाती-जमातींसाठी ती १२५ रुपये आहे. हा दिलासा खरा, पण एकदाचा. महिन्याचा खर्च कसा भागवायचा? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरी भागात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असे परिपत्रक काढले. ते शिफारशीच्या स्वरूपाचे आहे, आणि शहरातल्या किती ऑफिसांत ते पाळले जाते हे तुम्ही मुलाखतीतच विचारा. मला आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षी मिळत असे त्यात लोकलचा पास आणि दुपारचे जेवण निघे, बाकी काकांकडे डोंबिवलीला राहण्याची सोय होती म्हणून मी टिकलो. माझ्याहून हुशार दोघे घरभाड्यामुळे परत गेले. मुंबईत राहण्याची सोय नसेल आणि घरून तीन वर्षे मदत होणार नसेल, तर आधी दोन वर्षे पगारी नोकरी करून मग आर्टिकलशिपकडे वळण्यात काही कमीपणा नाही. नोंदणीच्या अटी मात्र सोसायटीच्या कार्यालयात प्रत्यक्ष विचारून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मैत्रिणीच्या परीक्षेबद्दल. एसक्यूई २०२१ मध्ये सुरू झाली आणि तिने इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर होण्याची जुनी पद्धत हळूहळू मागे टाकली. पहिल्या टप्प्यात पर्यायी उत्तरांचे ३६० प्रश्न असतात. दुसऱ्या टप्प्यात लेखी आणि तोंडी कौशल्यचाचण्या असतात, आणि तोंडी भागासाठी तिकडेच जावे लागते. दोन्ही टप्प्यांची फी मिळून पाच हजार पौंडांच्या आसपास जाते. भारतात वकील म्हणून पात्र असलेल्यांना तिथली दोन वर्षांच्या कामाची अट लागू होत नाही, हा मोठा फायदा आहे. परीक्षा निर्दोष आहे असेही नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या टप्प्यात १७५ उमेदवारांना ते पास असताना नापास कळवले गेले होते. माझा आक्षेप वेगळा आहे. ती परीक्षा पास झाल्याने व्हिसा मिळत नाही, नोकरी मिळत नाही, आणि इथे परतल्यावर भारतीय कायद्याचे काम करायला सनदच लागते. लवाद, जहाजवाहतूक, परदेशी कर्जे अशा इंग्लिश कायद्याखाली चालणाऱ्या कामात चार-पाच वर्षे घालवलेल्या माणसाला तिचा उपयोग होतो. कायद्याची पदवी हातात पडताच कर्ज काढून ती परीक्षा देणे मला पटत नाही. मैत्रिणीची परिस्थिती वेगळी असू शकते, त्यामुळे तिला हे माझे मत म्हणूनच सांगा.

एवढे धरून आर्टिकलशिप करायचीच ठरली, तर ऑफिस कसे निवडावे? फर्मच्या नावापेक्षा, तुम्ही प्रत्यक्ष कोणाच्या खोलीत बसणार आहात ते पाहा. मोठ्या फर्ममध्ये पगार आणि शिस्त असते, पण एकाच प्रकारच्या कराराचे एकच कलम वर्षभर तपासत बसण्याची पाळी येऊ शकते. लहान ऑफिसात नोटीस लिहिण्यापासून दुय्यम निबंधकाच्या रांगेत उभे राहण्यापर्यंत सगळे पदरात पडते, मात्र सीनियरला शिकवायला वेळ नसेल तर तुम्ही नुसते धावणारे मनुष्य होऊन बसता. मुलाखतीत तीन गोष्टी न लाजता विचारा. मूळ कागदपत्रे मला बघायला मिळतील का? माझा मसुदा लाल पेनने दुरुस्त होऊन परत येईल का, की तुम्ही तो गुपचूप बदलून पाठवाल? एआयचे कोणते साधन वापरता आणि अशिलाची कागदपत्रे त्यात टाकण्याआधी त्याची संमती घेता का? तिसऱ्या प्रश्नावर जो सीनियर चिडेल त्याच्याकडे जाऊ नका. मी स्वतः नव्या मुलांना पहिले सहा महिने यंत्राचा सारांश दाखवत नाही. आधी हाताने साखळी लिहायची, मग यंत्राची पाहायची आणि दोन्हींत काय राहिले ते मला सांगायचे. याने काम मंदावते आणि भागीदार कुरकुरतात, पण ए.कु.मॅ. पकडणारी मुलगी अशीच तयार झाली.

राहिला मराठी माध्यमाचा प्रश्न, ज्याला तुम्ही कमकुवत बाजू समजता आहात. मसुद्याचे इंग्रजी तीन वर्षांत येते. ते ठरीव साच्याचे इंग्रजी असते आणि रोज दहा पाने वाचली की हाताला वळण लागते. परंतु या कामाचा पाया असलेले सातबारे, फेरफार, तलाठ्याचे शेरे, तहसीलदारांचे आदेश आणि गावच्या माणसाचे जबाब मराठीत असतात, आणि इंग्रजी शाळांतून आलेली आमची कित्येक हुशार मुले ‘पोकळीस्त’ किंवा ‘वहिवाट’ या शब्दापाशी अडून शिपायाला हाक मारतात. त्याहून जुना गठ्ठा उघडला की मोडी लिपी निघते, आणि मग वाचणारा शोधत फिरावे लागते. कोल्हापुरात पुराभिलेखागाराचे कार्यालय आहे आणि मोडी शिकवणारी माणसेही सापडतात. शेवटची परीक्षा आटोपल्यावर मुंबईची गाडी पकडण्याआधी दोन महिने हाताशी असतील तर ते तिथे घाला, आणि अर्ज करताना ती ओळ पहिल्या परिच्छेदातच लिहा.